एक टाच भरली, दुसरी नाही: कोकमतेलाचं एक प्रकरण

सिंधुदुर्गात कुडाळ तालुक्यातल्या एका गावात राहणाऱ्या, साठीला टेकलेल्या आमच्या काकीचं हे प्रकरण. नाव घालू नको, बाकी सगळं लिही, असं तिनंच सांगितलं. तक्रार साधी होती: दोन्ही टाचांना भेगा. घरचं औषधही साधंच: रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, बियांचं तेल, तिनं स्वतः काढलेलं. उजवी टाच तीनेक आठवड्यांत भरून आली. डावी दोन महिने हटली नाही, उलट वाढली. माणूस तोच, तेल तेच, लावणारे हात तेच, मग असं का झालं, हे शोधताना जे हाती लागलं ते इथे मांडते आहे. मी औषधनिर्माणशास्त्र शिकले आहे आणि कोकमतेलाबद्दल दोन टोकांची बोलणी नेहमी कानावर येतात. कुणी म्हणतं, आजीच्या डबीत सगळ्यावर इलाज होता. कुणी म्हणतं, नुसती चरबी ती, त्यापेक्षा मेडिकलमधून क्रीम आणा. काकीच्या दोन पायांमुळे दोन्ही म्हणणी किती अपुरी आहेत ते कळलं.

आधी तेलाबद्दल, कारण ते कसं निघालं यावर पुढचं बरंच अवलंबून आहे.

वैशाखात रातांबे पिकले की कोकणातल्या बायकांना बसायला सवड नसते. पाऊस यायच्या आत फळ उतरवायचं, फोडायचं, वाळवायचं. रातांबा फोडला की साल एकीकडे, गरासकट बिया दुसरीकडे. बियांना मीठ लावून ठेवलं की रस सुटतो. त्या रसात सालं बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा घालायची, असं करत ती काळपट होतात. ही आपली आमसुलं, मालवणी घरात सोलां. रस इतका आंबट की दिवसभर फोडत बसलेल्या बाईची बोटं लाल होतातच, वर नखांच्या कडेची कातडी चरचरते. संध्याकाळी हात धुऊन त्याच फळाच्या बियांचं गेल्या वर्षीचं तेल बोटांना चोळायचं, ही काकीच्या सासूची रीत. ती अजून चालू आहे.

सालींचं आमसूल झालं, रस बरण्यांत गेला, की मागे उरतात बिया. पुष्कळ घरांत त्या सुकवून व्यापाऱ्याला देतात, काही ठिकाणी झाडाखालीच टाकतात. काकी ठेवते. बियांना चिकटलेला गर काढणं हे पहिलं काम, आणि कंटाळवाणं. ती बिया राखेत चोळते, रोवळीत घालून दोन-तीन पाण्यांनी धुते आणि खळ्यात पसरते. गर राहिला तर तेलाला आंबूस वास येतो आणि चिरलेल्या कातडीवर ते झोंबतं. मध्येच वळीव आला की सगळं उचलून पडवीत. भिजलेली बी पुन्हा सुकली तरी तिचं तेल लवकर खवट होतं, म्हणून अशा बिया ती निवडून बाजूला काढते. सुकली की नाही हे बघायला आतली डाळ दाताखाली धरायची. कट् मोडली तर झाली, लवली तर अजून ऊन हवं.

मग बिया व्हायनात, म्हणजे जमिनीत बसवलेल्या उखळात, हलक्या हातानं कांडल्या. टरफल फुटलं पाहिजे, डाळ चेचली जाता कामा नये. सुपानं पाखडून टरफल उडवलं. पूर्वी डाळही व्हायनातच कुटायचे, आता काकी मिक्सर वापरते आणि त्याचं तिला काही वाईट वाटत नाही. मला तिचं पटतं. ज्या कामात खांदे मोडतात ते यंत्रानं केलं म्हणून तेलाचा गुण कमी होत नाही. कूट हाताला तेलकट लागतं, भांड्याला चिकटतं. ते मोठ्या टोपात पाणी घालून चुलीवर ठेवलं. जाळ मंद. सुरुवातीला ढवळत राहायचं, नाहीतर बुडाला लागतं आणि करपट वास शेवटपर्यंत जात नाही. पृष्ठभागावर पिवळसर थेंब दिसायला लागले की मात्र ढवळणं बंद. थेंब एकमेकांना मिळतात, तवंग होतो, तवंगाचा थर होतो. टोप उतरवून रात्रभर तसाच ठेवला. सकाळी वर फिकट, किंचित करडा, कडक पापुद्रा धरलेला असतो. तो सुरीनं कापून उचलायचा.

एवढ्यावर थांबणारे फसतात. त्या थरात पाणी आणि कुटाचे कण अडकलेले असतात, काही दिवसांत त्यावर बुरशी धरते. काकी तो पुन्हा लोखंडी कढईत वितळवते. आधी तडतड होते. ती तडतड पूर्ण थांबेपर्यंत विस्तवावर ठेवायचं, म्हणजे पाणी गेलं. मग मलमलीच्या फडक्यातून गाळायचं. गाळलेलं अर्धवट थिजलं की मुठीत घेऊन दाबायचं आणि लांबट गोळे करायचे. हेच मुठेल. गोव्याकडे भिरंडेल म्हणतात. १८७४ मध्ये लंडनमध्ये छापलेल्या औषधी द्रव्यांच्या एका ग्रंथात हिंदुस्थानातल्या बाजारात मिळणाऱ्या कोकमतेलाचं वर्णन आहे: अंड्यासारखे लांबट गोळे, सुमारे चार इंच लांब, दोन इंच जाड, वजन पाव पौंडाच्या आसपास. काकीचे गोळे साधारण तसेच असतात, जरा लहान.

दहा किलो सुक्या बियांतून तिला दीड किलोच्या आसपास तेल मिळालं. बियांत वजनाच्या साधारण २३ ते २६ टक्के तेल असतं, म्हणजे निदान पाऊण किलो तेल चोथ्यात राहिलं. गिरणीत दाबून किंवा द्रावकानं काढलं तर ते सुटतं. उकळण्याची रीत मागे पडण्याचं हे खरं कारण: दोन बायकांची सगळी मेहनत, सरपण, आणि तेल कमी. व्यापाऱ्याकडे जाणाऱ्या बियांचं तेल सौंदर्यप्रसाधनांत जातं, आणि चॉकलेटमध्येही. युरोपीय संघानं २००० साली काढलेल्या नियमानुसार चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज ५ टक्क्यांपर्यंत ज्या सहा वनस्पतिजन्य चरब्या चालतात, त्यांत आपलं कोकम आहे, साल वृक्षाच्या बियांचं तेल आहे, आंब्याच्या कोयीचं तेल आहे आणि आफ्रिकेतल्या शिया झाडाच्या बियांची चरबीही आहे.

शियाचं नाव इथे मुद्दाम काढलं, कारण काकीच्या मुलीनं मुंबईहून शिया बटरची डबी आणली होती आणि तीही काकीनं वापरून पाहिली. पश्चिम आफ्रिकेत, घाना-बुर्किना फासोच्या कोरड्या पट्ट्यात, शियाचं काम बायकाच करतात आणि ते ऐकताना काकीला फार नवल वाटलं नाही. गळून पडलेली फळं वेचायची, बिया उकळायच्या, वाळवायच्या, फोडायच्या. मग त्या भाजतात आणि दळतात. पुढचा टप्पा मात्र वेगळा: दळलेल्या लगद्यात पाणी घालून तो हातानं मळत, फेटत राहतात, तोवर पांढरट फेसासारखी चरबी वर येते. ती धुऊन घेतात आणि उकळून स्वच्छ करतात. कोकणातही काही जुन्या घरांत कूट पाण्यात भिजवून ताकासारखं घुसळून तेल काढायचे. काकीनं ते लहानपणी पाहिलं आहे, केलेलं नाही.

आता पाय.

मार्गशीर्षात काकीनं मला पाय दाखवले तेव्हा भातकापणी आणि मळणी होऊन गेली होती. पावसाळाभर चिखलात लावणी, मग अनवाणी कापलेल्या भाताच्या खुंटांवरून चालणं, मग थंडीतला सकाळचा कोरडा वारा. कोकणची हवा दमट असली तरी या दिवसांत टाचा फुटतात. उजव्या टाचेला तीन खोल भेगा होत्या, एकीतून रक्त आलं होतं. टाचेची कड पिवळट, जाड, खरवडली तर मेणासारखी. डावा पाय त्या मानानं बरा वाटत होता. भेगा बारीक, पण पुष्कळ. तळव्याच्या रेषांत पिठासारखा पांढरा कोंडा, आणि तो कोंडा पायाच्या कडेनं वर चढलेला. अंगठ्याचं नख जाड आणि पिवळं. दगड पडून नख बिघडलं, असं ती गेली कित्येक वर्षं सांगत होती, आणि आम्ही कुणी दुसरा विचार केला नव्हता.

उपचाराची तिची पद्धत ठरलेली. रात्री जेवणं झाली की कोमट पाण्यात पाय बुडवून बसायचं. भिजलेली जाड कातडी ओल्या कौलाच्या तुकड्यानं हलकी घासायची, खरवडायची नाही. पाय टिपायचे, पूर्ण कोरडे करायचे नाहीत. पळीत मुठेलाचा तुकडा वितळवून थोडा निवू द्यायचा, आणि बोटानं भेगेत भरायचा. वर जुने सुती मोजे. पुतणी म्हणून मी विचारलं, इतका खटाटोप कशाला, नुसतं चोळलं तर? ती म्हणाली, "नुसता चोळून काय व्हता गो? आधी पाय भिजवक व्हये."

या एका वाक्यात कोकमतेलाचं सगळं शास्त्र आहे. आपल्या तळपायाला घामाच्या ग्रंथी भरपूर असतात, पण तेलाच्या ग्रंथी नसतात. म्हणून तिथली कातडी स्वतःचं पाणी स्वतः राखू शकत नाही. वरचा मृत पेशींचा थर कोरडा पडला की ताठर होतो, आणि टाच जमिनीवर दाबली गेली की बाजूला पसरता न आल्यामुळे फाटतो. तेलानं कातडीत पाणी येत नाही. पाणी आधी घालावं लागतं, तेल त्याला उडू देत नाही. कोरड्या टाचेवर नुसतं तेल लावणाऱ्याला गुण येत नाही, मग तो तेलाला नावं ठेवतो.

दुसरी गोष्ट कोकमाच्या घट्टपणाची. त्यातल्या मेदाम्लांपैकी निम्म्याहून जास्त चरबी घट्ट करणारं स्टिअरिक आम्ल आणि बहुतेक उरलेलं ओलेइक आम्ल. त्यामुळे ते वितळायला साधारण ४० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते, कातडीच्या उष्णतेहून जास्त. खोबरेल २५ अंशाच्या आत-बाहेर वितळतं, म्हणजे पायाला लावलं की पातळ होऊन मोज्यात जिरतं. शिया या दोघांच्या मध्ये कुठेतरी येतं, तळहातावर चोळलं की मऊ होतं. काकीला ते हातांना आणि ओठांना आवडलं, पण टाचेसाठी तिनं चार रात्रींत सोडून दिलं, कारण सकाळपर्यंत भेगेत काही शिल्लक राहत नव्हतं. कोकमतेल भिंतीच्या चिरेत भरलेल्या गिलाव्यासारखं भेगेत बसून राहतं. भेगेच्या दोन कडा एकमेकींवर घासत नाहीत, आत माती जात नाही, ओल टिकते. पळीत वितळवण्याची रीत हौस म्हणून आलेली नाही. थंड गोळा भेगेत शिरतच नाही.

उजव्या टाचेवर हे सगळं अगदी बरोबर लागू पडलं. पहिल्या आठवड्यात रक्त यायचं थांबलं, पौषाच्या मध्यापर्यंत भेगा वरवरच्या रेषा होऊन राहिल्या. या पायाबद्दल मला काही शंका नाही: तेलानं काम केलं.

डाव्या पायाला तेच चाललं होतं आणि काहीच होत नव्हतं. कोंडा ओला असताना नाहीसा वाटायचा, दुपारपर्यंत परत यायचा. मग बोटांच्या बेचक्यांत खाज सुरू झाली. "ह्या पायाक गुण इलो, त्या पायाक नाय," असं म्हणत काकीनं गावातल्या मेडिकलमधून एक ट्यूब आणली. तिच्यावर चार औषधांची नावं होती आणि त्यांतलं एक जहाल स्टेरॉइड होतं. खाज दोन दिवसांत गेली. ट्यूब संपली आणि खाज दुप्पट होऊन आली, कोंड्याची कड घोट्याकडे सरकली. हा भाग मला फार टोचतो. अशा मिश्र ट्यूबा चिठ्ठीशिवाय सहज विकल्या जातात आणि लोकांना वाटतं आपण औषध केलं. स्टेरॉइड दाह दाबतं, त्यामुळे दिसायला बरं वाटतं, आणि ज्यामुळे दाह होतो ते मात्र आत बिनधास्त पसरत राहतं.

माघात तिला कुडाळच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे नेलं. डॉक्टरांनी आधी दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवायला सांगितले आणि विचारलं, साखर तपासली आहे का. मग डाव्या पायाच्या कडेचा कोंडा ब्लेडच्या बोथट बाजूनं काचपट्टीवर घेतला, वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, थोडा वेळ थांबून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. काकीलाही बघायला दिलं. पेशींच्या मधून जाणारे बारीक, फांद्या फुटलेले धागे. बुरशी. नखातही तीच निघाली.

एकाच पायाला कोंडा, तो तळव्यावरून कडेनं वर चढलेला, सोबत एक-दोन नखं जाड: ही बुरशीची ठळक खूण आहे. साध्या कोरडेपणाच्या भेगा बहुधा दोन्ही टाचांना पडतात आणि टाचेच्या कडेपुरत्या राहतात. काकीच्या बाबतीत गफलत अशी झाली की टाचांच्या भेगा दोन्हीकडे होत्या, म्हणून दोन्ही पायांचं दुखणं एकच धरलं गेलं. खरं तर डाव्या पायात दोन दुखणी होती, एकावर एक. नखात वर्षानुवर्षं घर करून बसलेली बुरशी तळव्यावर उतरली होती. कोकमतेल बुरशी मारत नाही. वर मोजे घालून रात्रभर ओल धरून ठेवली की बुरशीला ते सोयीचंच. ज्या गुणानं उजवी टाच भरली त्याच गुणानं डाव्या पायाचं नुकसान झालं.

डॉक्टरांनी तेल बंद करा असं सरसकट सांगितलं नाही, हे मला आवडलं. उजव्या पायाला चालू ठेवा, डाव्याला सध्या नको, आणि दोन्ही पायांना एकच मोजे, एकच टॉवेल नको. यकृताची तपासणी करून टर्बिनाफिन या बुरशीवरच्या औषधाच्या गोळ्या दिल्या, नखासाठी तीन महिने. ट्यूब कचऱ्यात. साखर ठीक निघाली. ती का विचारली तेही त्यांनी समजावलं: मधुमेहात पायांची जाणीव कमी होते, गरम तेल किती गरम आहे ते कळत नाही, भाजतं आणि जखम चिघळते. आपल्याकडे पाय विस्तवाजवळ धरून तेल मुरवण्याची पद्धत अजून आहे. घरातल्या मधुमेह असलेल्या माणसाला ते करू देऊ नये, आणि त्याच्या पायाला भेग पडली तर घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत.

महिन्याभरात डाव्या तळव्याचा कोंडा गेला. मग ज्या खऱ्या भेगा उरल्या त्यांवर मुठेल लावलं आणि त्या उजव्यासारख्याच भरल्या. म्हणजे तेल त्या पायालाही लागू होतं, फक्त त्याच्या आधी दुसरं काम उरकायला हवं होतं.

आता काकीच्या मुलीच्या मनात हे तेल डब्यांत भरून मुंबईत विकायचं आहे. वेष्टनावर काय लिहू, असं तिनं मला विचारलं. बाजारातल्या डब्यांवर जे लिहिलेलं असतं त्यातलं बरंच मी खोडलं. रातांब्याचं आम्ल आणि लाल रंग सालीत असतात आणि पाण्यात विरघळतात, बियांच्या तेलात ते गुण येत नाहीत. तेव्हा आमसुलाच्या गुणांची यादी तेलाच्या डब्यावर नको. शियात साबण न होणारा अंश (चरबीचा साबण केला तरी त्यात न बदलता मागे उरणारा भाग) बराच असतो आणि त्यावरून त्याचे पुष्कळ दावे केले जातात. कोकमात तो अगदी थोडा असतो, त्यामुळे शियाचे दावे उचलून इथे चिकटवायचे नाहीत. सुरकुत्या जातात, रंग उजळतो, हे तर नकोच. पाणी रोखण्याच्या कामात साधी पेट्रोलियम जेली कोकमतेलाच्या पुढे आहे, हेही तिला सांगितलं. कोकमतेलाचं बळ घट्टपणात आहे, टिकण्यात आहे. त्यात बहु-असंतृप्त मेद फार थोडं, म्हणून नीट पाणी उडवलेला गोळा पुढच्या हंगामापर्यंत खवट होत नाही. आणि ते घरचं आहे, एरवी टाकून दिल्या जाणाऱ्या बीचं आहे. एवढं खरं असताना खोटं लिहायची गरज काय?

शेवटी मजकूर असा ठरला: कोरड्या हवेत फुटलेल्या टाचा, बोटं आणि ओठ यांसाठी. पाय कोमट पाण्यात भिजवून, टिपून, तेल कोमट करून लावा. खाज असेल, एकाच पायाला कोंडा असेल, नख जाड झालं असेल, भेगेतून पू येत असेल किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. सौंदर्यप्रसाधन म्हणून विकायचं तर उत्पादनाचा परवाना लागतो, तो मिळेपर्यंत तेल ओळखीच्या घरांतच वाटायचं, असंही ठरलं. परवान्यासाठी लागणाऱ्या जागेची सोय अजून झालेली नाही.

काकीचं अंगठ्याचं नख मुळाकडून स्वच्छ येतं आहे. पायाचं नख पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष लागतं, तोवर ते कापायची नेलकटर वेगळी ठेवली आहे.